डब्यावरचा पत्ता

दुरस, अल्बानिया

माय, तुझ्या पंचशीलाचा जयभीम.

डबा पोचला. कारळाची चटणी जशीच्या तशी हाय. मी बरी हाय. हॉटेलात चादरी धुऊन हात तेवढे सोलतेत. तुझे गुडघे कसे हायेत?

पण डब्यावर धाडणाऱ्याचा पत्ता बघून डोकंच फिरलं. आपल्या वस्तीचं ते जुनं जातीचं नाव! कुरिअरच्या दुकानदारानं लिहिलं आणि डबा द्यायला गेलेला आपला संजयदादा गप कावून ऱ्हायला?

ह्या शहराला ग्रीक एपिडॅम्नस म्हणायचे, रोमन डिराकियम, व्हेनिसवाले दुराझो. आता दुरस. राज्य बदललं की लोकांची जीभ वळली. आणि आज्यानं दीक्षा घेऊन वस्तीला सिद्धार्थनगर नाव दिलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, तरी गावाची जीभ वळंना! 'जाऊ दे' म्हणू नको, माय. लई जाऊ दिलं.

तुझ्या गुडघ्याला गरम पट्टा धाडलाय. पत्ता मी माझ्या हातानं लिहिलाय, ठळक. पोस्टमन आला की त्याला दारात मोठ्यानं वाचायला लाव, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. सिद्धार्थनगर म्हणला तरच घे. न्हाई म्हणला, तर गुडघे कितीबी ठणकू दे, पट्टा परत धाड. मी पुन्हा पाठवीन.

तुझी,
पंचशीला, सिद्धार्थनगरची