चिनी डॉक्टरणीपुढे काढलेली जीभ

आये,

मी जीभ काढून दाखवली म्हणून तू चुलीपुढे कालथ्याने मारलं होतंस, आठवतं? "बाईने जीभ आत ठेवायची, आणि पायही." बरं, मग ऐक. इथे बहरीनमध्ये, बाब अल बहरीनच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, मी आणि माझी लेक चिनी डॉक्टरणीपुढे जीभ काढून बसलो होतो. दोघीही!

लेक नर्स आहे, रात्रपाळीची. कुवेतची लढाई संपल्यावर नोकरी लागली, मी नातीला सांभाळायला आले. पहाटे तिचं डोकं जड व्हायचं. एकदा भलत्याच पेशंटचं इंजेक्शन भरलं. टोचायच्या आधी ध्यानात आलं म्हणून निभावलं. घरी येऊन रडली. जावई म्हणाला, "सोड नोकरी." तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस. मी म्हटलं, सोडायची नाही. मला तिसरीतून उठवलंस, हिला कोण उठवतो तेच बघते.

डॉक्टरणीने जीभ बघितली, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरली, आपल्या गावच्या वैदूसारखी. मग कपाळाला बोट लावून बाजारातल्या अरबीत म्हणते, "नोम मफी, हादा खलास." झोप नाही तर हे संपलं. एवढं तर मलाही कळतं, बाई! पण लेकीच्या कानाला तिने चिकटपट्टीने बारीक काळ्या बिया लावल्या, जड वाटलं की दाबायच्या. दिवसा खोलीत अंधार करायचा. आणि खायला काय, तर तांदळाची पेज, अक्रोड आणि काळे तीळ घालून. पेज! त्यासाठी मी समुद्र ओलांडला? उरलेल्या बिया मी तिळांबरोबर पेजेतच टाकत होते, लेक ओरडली, "आई, त्या कानाच्या!"

गुण बियांचा की झोपेचा, मला विचारू नकोस. सनाबिस भागातल्या आमच्या घरात दुपारभर मी तिच्या दाराशी राखणीला बसते. नात कुजबुजत "ओके, आजी" म्हणते. पेज जावई ढवळतो, मीच लावलंय. आणि गेल्या आठवड्यात लेकीला वॉर्डची सिस्टर-इन-चार्ज केलं, कळलं?

तुझ्याकडे पोस्टमन येत नाही, म्हणून हे तांदळाच्या डब्याखालीच राहील. एक सांगते. दोन बिया मीही लावून घेतल्यात. तुझा चेहरा पुसट होत चालला होता. दाबल्या की दिसतेस, हातात कालथा, रागावलेली. मी जीभ काढून दाखवते. मग पुन्हा दाबते.