झालंच हं!

चि. बंड्या,

तू गेल्यावर वर्षभरानं तुझं शौर्यपदक घरी आलं. आईनं ते तुझ्या मोडक्या चष्म्याशेजारी ठेवलंय.

काल एक जवान काठी टेकत आला. गोळीबारात मलमपट्टी करून तूच त्याला पाठीवरून आणलं होतंस. म्हणाला, "ताई, अजून पट्टी हातातसुद्धा घेतली नव्हती आणि हा म्हणतोय, 'झालंच हं, झालंच!' मी शिव्या घातल्या."

मला हसू फुटलं. लहानपणी तुझ्या पायातला काटा काढताना मी हीच थाप मारायचे आणि तू गल्ली डोक्यावर घ्यायचास.

पुढच्या जखमीकडे धावताना तू पडलास. तिथं तुला असं खोटं सांगायला कुणीच नव्हतं, तेवढंच सलतं. म्हणून हे पाठवता न येणारं पत्र.

झालंच हं, बंड्या. झालंच.

तुझी खोटारडी
ताई