नडगीतल्या गजाला कल्हई

आबा, माझ्या उजव्या नडगीत आता गज हाय, आन त्याला कल्हई केलीया. हसू नका. तुमी जाऊन इतकी वर्सं झाली, पर कल्हईचं नाव निघालं की तुमचं कान टवकारनार, मला ठाव हाय.

आधी पडले कशी ते सांगते, न्हाईतर तुमचे जावई तिकडंच हायेत, ते तिखटमीठ लावून सांगतील. शेजारच्या पोरीला बघायला पावने आलते. नवरा मुलगा कसा हाय ते बघाया मी गोठ्याच्या भिताडावर चढले. सत्तरीची बाई, पर राहवंना. पोरगा दिसला. बरा हुता, कान तेवढे मोठे. आन मी खाली. नडगीचे दोन तुकडे. तिचं लगीन मातुर जमलं. ती अजून म्हनती, "आत्याबाई, तुमी पडला म्हनून त्यो उठून पळत आला, तवाच मी मनात व्हय म्हनले."

नगरच्या दवाखान्यात हाडात गज घातला. महिन्याभरात जखमेतनं पू याया लागला. डॉक्टरीन मॅडम माझ्या नातीएवढ्या. म्हनल्या, "आजी, जंतू गजावर जाऊन बसलेत. तिथं त्यांचा थर जमला की गोळ्या-इंजेक्शनं त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. हा गज काढून, हाड साफ करून दुसरा घालावा लागेल." मी इचारलं, "दुसऱ्यावर बसनार न्हाईत कशावरनं?" तवा त्यांनी मोबाईलवर फोटू दावला. गजाला वरनं औषधाचा लेप. त्यातनं औषध झिरपत ऱ्हातं, जंतूला तिथं बूड टेकवू देत न्हाई. मी म्हनले, "म्हंजे कल्हई की!" त्या हसल्या. मग मी इचारलं, "आन तरीबी बसले तर?" त्यांचं हसू गेलं. "मग पाय वाचवणं अवघड होईल, आजी."

त्या दिसापास्नं मी चेष्टा बंद केली. दोन दिस.

खाटंवर पडल्या पडल्या आपली भट्टी दिसायची. श्रीगोंद्याकडचं ते गाव, देवळामागची मोकळी जागा. तुमी खड्डा करून भाता बसवताय आन मी नऊ वर्साची, पातेल्यात उभी. पायाखाली वाळू, राख, गोनपाटाचा तुकडा. भितीला हात टेकून कंबर हालवत गरागरा फिरतीय. गावची पोरं दात काढत्यात, मी त्यांना जीभ दावतीय. मग तुमी भांडं तापवनार, नवसागर टाकनार, पांढरा धूर उठनार, मी खोकनार. तुमी कथील टेकवून कापसाचा बोळा फिरवला की पितळ आतनं एकदम पांढरं. दर टायमाला मला वाटायचं, आबाला जादू येती.

एकदा लग्नघरची भांडी हुती. फिरून फिरून माझं पाय भरून आलं. शेवटच्या पातेल्याच्या बुडाला, कडंच्या घळीत जळकी खरपुडी ऱ्हायली. तुमी इचारलं, "झालं का गं घासून?" मी म्हनले, "व्हय." तुमी इस्वास ठिवला आन वरनं कल्हई केली. लखलखली. चौथ्या दिशी त्या घरची कारभारीन पातेलं घिऊन सगळ्या गावादेखत हजर.

"ही कल्हई हाय का चुना? पापुद्रं निघालं, ताक कळकलं माझं. पावन्याच्या पोटात गेलं असतं म्हंजे?"

तुमी मान खाली घातली. "माझाच हात घाईत हुता, वयनी. करून देतो."

माझ्याकडं बघितलं सुदीक न्हाई. ती गेल्यावर पातेलं माझ्या मांडीवर ठिवलं, माझं बोट धरलं आन आतनं कडंकडंनं फिरवलं. पापुद्र्याखाली खरपुडी लागली. तुमी म्हनला, "डोळ्यानं न्हाई बघायचं, बोटानं बघायचं. खाली घान असंल तर वरनं मी कायबी केलं तरी सुटनार." बास. मारलं न्हाई. मारलं असतं तर मी कवाच इसरले असते.

आपरेशनच्या दिशी सकाळी मॅडमनी इचारलं, "कुठं फोड, जखम, किडलेला दात? काही लपवू नका हं." मी म्हनले, "न्हाई." आन जिभंनं लवंग दाढंत ढकलली. दाढ सुजून आठ दिस झालते. पर पडून पडून पाठ सोलून निघालती, पोरानं नगरजवळच्या नागापूरच्या कंपनीतनं रजा टाकलीती. मला वाटलं, दाढ कुठं आन नडगी कुठं! गजाला लेप हायच की. आपरेशनला न्यायची ढकलगाडी खोलीच्या दारापाशी आली. मॅडम म्हनल्या, "चला आजी, झालं ना सगळं?"

आबा, त्योच सवाल. आन माझ्या तोंडात त्योच व्हय.

मी गाडीचा दांडा धरला. म्हनले, "थांबा मॅडम. खाली खरपुडी हाय." त्यांना काय कळंना. मग मी तोंड उघडून दावलं.

"आजी! आणि हे आत्ता सांगताय? दाढेतले जंतू रक्तातून हाडापर्यंत जाऊ शकतात. लेप मदत करतो, जादू नाही करत."

आपरेशन पुढं ढकललं. दाढ उपटली, तोंड बरं होईस्तवर दोन आठवडं थांबवलं. पोरगा लई भडकला, "आये, तू ल्हान हाईस का?" भाईर जाऊन च्या पिऊन आला, तवा जरा निवला. म्हनला, "आमच्याकडं पत्र्याला पावडरचा रंग मारायच्या आधी सात टाक्यांत बुडवून धुत्यात. एक टाकी चुकली की रंग सुटून सगळा माल माघारी." मी म्हनले, "मग? तुझा आजा एकट्यानं सात टाक्यांचं काम करायचा." सात टाक्यांचं काम माझ्या पायानं व्हायचं, ते सांगितलं न्हाई. गुडघं दुखत्यात ते तुमच्या पातेल्यांनी, हे तुमाला सांगून ठिवते.

कल्हईचा गज बसवून आता वरीस झालं. जखम कोरडी, हाड जुळलं. पायावर उभी ऱ्हाते, भाकरी थापते, मळ्यापतूर जाते. काठी हाय, पर ती थोरल्या जावंला ढोसायला. मॅडम परवा म्हनल्या, "आजी, त्या दिवशी ऐनवेळी कसं सुचलं हो?" मी म्हनले, "अक्कल हाय मला, जल्मापास्नं." तुमी कारभारनीपुढं माझं नाव घेतलं न्हाई, मी मॅडमपुढं तुमचं घेतलं न्हाई. दोन्ही सारखं न्हाई, मला कळतंय. तुमी मला झाकलं हुतं. मी फुशारकी मारली. पुढच्या खेपंला सांगीन, हा पाय आबानं राखलाय म्हनून.

हा कागद कुठं धाडू? लग्नात तुमी दिलेलं पातेलं फळीवर हाय. आता कल्हईवाला फिरकत न्हाई, म्हनून त्यात ताक ठिवत न्हाई. ह्यो कागद ठिवते.

आजून एक. परवा मॅडमनी इचारलं, दुसरी कुठली दाढ दुखती का? मी न्हाई म्हनले. आत्ता लिवता लिवता बोट घालून बघितलं. डावीकडची, शेवटची. हाय, आबा. पोराला हाक मारते, मॅडमला फोन लाव म्हनते.