खर्जाची पेटी

४ नोव्हेंबर
निर्णय पक्का. सबवूफर आणायचा, म्हणजे खर्जाची वेगळी पेटी. आपल्या स्टिरिओत खर्जच नाही. शिसारी आली त्या पिपाणीची.

३० तारखेला दाग्नी सत्तर वर्षांची होते. माझ्या या बायकोने उभं आयुष्य चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि मार्चमध्ये एकाएकी सोडला. शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी स्वतः केलंय, पण ती ते ऐकायचं नावच काढत नाही. कारण उघड आहे. ऑर्गनचे खालचे सूर पायाने वाजवतात आणि नेमके तेच आपल्या स्पीकरांतून येत नाहीत. कलावंताला असलं अर्धवट ऐकवत नाही. हे कळायला कान लागतात. अख्ख्या सिल्केबोर्ग शहरात ते फक्त मला आहेत.

७ नोव्हेंबर
आणला. दुकानदार म्हणाला, खोली लहान आहे, लहानच घ्या. म्हटलं, ऑर्गन लहान असतो का? मोठा काढून दिला. असल्या माणसांमुळे देशभर लोक संगीत म्हणून भुणभुण ऐकतात.

दाग्नीने विचारलं, हे वॉशिंग मशीन हॉलमध्ये कशाला? हसलो नाही.

८ नोव्हेंबर, सकाळ
जोडला. मॅन्युअल वाचलं नाही. ते बहिऱ्यांसाठी असतं.

दुपार
रेकॉर्डिंग लावलं. खिडक्या थरथरल्या. अप्रतिम! फक्त तिसऱ्या स्तोत्राच्या मध्यावर एक भलताच सूर. खालून गाय हंबरावी तसा. पेटी कोपऱ्यात आहे म्हणून. तिथेच बंद केलं. दाग्नी नेमकी तेव्हाच बटाटे बघायला उठली. आज बटाटे नव्हतेच.

११ नोव्हेंबर
पेटी सोफ्यामागे. गाय जागच्या जागी.

खालच्या मजल्यावरच्या एब्बाबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या. मग वरच आल्या. टॉर्किल्ड, म्हणाल्या, माझ्या कपाटातल्या कपबशा चालायला लागल्यात. तुझं काय म्हणणं आहे? मी शांतपणे समजावलं, की एवढं संगीत त्यांना फुकट मिळतंय. म्हणाल्या, मग परत घे. काय ही अभिरुची! आणि वाढदिवसाला हिलाच पहिलं बोलवायचं, कारण दाग्नीची जिवलग मैत्रीण.

१५ नोव्हेंबर
मासिकात शास्त्रीय पद्धत मिळाली. पेटी आपल्या खुर्चीवर ठेवायची, आपण खोलीभर रांगायचं. खर्ज जिथे सर्वात छान ऐकू येईल तिथे पेटी मांडायची. रांगलो. गुडघे सोलले. सर्वात सुंदर खर्ज बुटांच्या मांडणीपाशी निघाला. तिथे चौपायी असतानाच दार उघडून मेहुणा ओव्हे आत. विचारतो, काय हरवलं? म्हटलं, खर्ज. त्याने दाग्नीला स्वयंपाकघरात नेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली. सगळं ऐकू आलं.

पेटी आता बुटांपाशी. सगळे अडखळतात. अडखळोत.

२१ नोव्हेंबर
गाय हटत नाही. रोज सुरुवातीपासून लावतो, तिसऱ्या स्तोत्राला गाय आली की बंद करून बटणं फिरवतो. पेटी सदोष आहे, आता शंकाच नको. दुकानात फोन केला. दुकानदार म्हणे, एरवी नीट वाजते ना? मग पेटी रोज त्याच सुराला कशी चुकेल, साहेब? उद्धटपणाची हद्द.

दाग्नी म्हणाली, वाढदिवसाला ते नको ना लावूस. दुसरं काहीही लाव. माझी फजिती होईल म्हणून घाबरते बिचारी. धीर दिला.

३० नोव्हेंबर
पाहुणे गेले.

टेबलावर वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे छोटे झेंडे लावले होते, केक उंच झाला होता. मी छोटं भाषण केलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तिसऱ्या स्तोत्राला थांबवून सर्वांना सांगितलं, ऐका, ही दुकानदाराची लबाडी. पुन्हा लावलं. ओव्हेचा काटा हवेतच राहिला. एब्बाबाईंनी माझी बाही धरली, पुरे रे आता, म्हणाल्या. म्हटलं, एकदाच, नीट कान देऊन.

तेव्हा दाग्नी बोलली. आवाज साखर मागितल्यासारखा. म्हणाली, पेटी बरोबर आहे, टॉर्किल्ड. तो माझा डावा पाय आहे. पायाखालच्या कुठल्या पट्टीवर पडलाय ते त्याला हल्ली कळत नाही. चर्चमध्ये सगळं घुमतं, तुम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मीच ठरवलं, लक्षात येण्याआधी सोडावं.

ओव्हे केककडे बघत राहिला. एब्बाबाई उठून दाग्नीच्या शेजारी जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो. स्वतःची एवढी किळस याआधी कधी आली नव्हती.

१ डिसेंबर
पेटी खोक्यात भरायला घेतली. दाग्नी म्हणाली, थांब. आधी लाव. मध्ये थांबवायचं नाही.

खुर्चीत बसून तिने सगळं ऐकलं. मी रिकामं खोकं धरून दारात. तो सूर आला तेव्हा तिने डोळे मिटले, इतकंच. पुढे बरंच होतं. शेवटी पायाचे सूर एकेक पायरी खाली उतरत गेले आणि जमिनीतून वर आल्यासारखे खोलीत भरून राहिले. संपल्यावरही ती हलली नाही.

मग तिने विचारलं, बाकीचं चांगलं वाजवलं होतं ना रे मी? त्या एका चुकीपायी, म्हणाली, मला पुढचं काही आठवतच नव्हतं.

सुरेख, म्हटलं.

तिला सांगितलं नाही, पण शेवट मीही आजच पहिल्यांदा ऐकला. मार्चमध्ये मी सारा वेळ रेकॉर्डरच्या आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत बसलो होतो.