पाऊस आणि पाहुणे यांच्या मधला आठवडा

९ जानेवारी

ठरलं! बेटावर जायचं. धाकटी जाऊ मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, एकदा समुद्राच्या मधोमध जाऊन बसू या." मी कात्री हातात धरून नुसती बघतच राहिले. धाकटीनं काही मागणं म्हणजे उंबराला फूल!

मग कारण कळलं. तिचा मुलगा तिला कायमची त्याच्या शहरात बोलावतोय, नातीला सांभाळायला. बेटावरून परतलो की बंदरावरूनच ती तिकडे, मी इकडे. आमचे नवरे, दोघे भाऊ, गेले, तेव्हापासून आम्ही दोघी जावा आणि हे शिवणाचं दुकान. मी बेतते, ती शिवते. आता बेतलेलं कुणाच्या हातात देऊ?

असो. सहलीचं बघू.

१४ जानेवारी

कोपऱ्यावरच्या सहलवाल्याकडे जाऊन आले. भिंतभर निळं पाणी चिकटवलंय, स्वतः मात्र पंख्याखाली घामाघूम. म्हणाला, "काकू, बेटावर ऋतू दोनच. पाऊस आणि पाहुणे!" सध्या पाहुणे. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, बोटीसाठी ही रांग.

घरी येऊन म्हटलं, "नको बाई. एवढ्या गर्दीत तू हरवलीस म्हणजे?"

"मी काय शेळी आहे हरवायला?" — धाकटी.

२ फेब्रुवारी

वाचनालयातून हवामानाचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा माझी चौथीतच सुटली, पण वारा काही पदवी विचारून वाहत नाही. वारा का फिरतो ते समजलं. भरती-ओहोटीचंही समजलं, म्हणजे निम्मंशिम्मं. धाकटीला समजावायला गेले, तर म्हणते, "ताई, बोट तुम्ही चालवणार आहात का?"

२० फेब्रुवारी

मार्चमध्ये शाळांच्या सहली. नको.

३ मार्च

एप्रिलमध्ये त्या पाण्यात जेलीफिश येतात म्हणे. अंगाला लागले की आग आग! नकोच.

११ मार्च

धाकटीच्या मुलाचा फोन. "मोठी आई, तारीख काय झाली? पोरगी पाळणाघरात रडते रोज." मी म्हटलं, "हवामान बघतेय रे." भला पोरगा आहे, लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा. त्याचं काय चुकलं? आई मागतोय, दुसऱ्याचं काही मागत नाही.

धाकटीला विचारलं, "जावंसं वाटतं ना तुला?"

"पोटचं बोलावतंय, जायला हवंच की." आणि मशीन असं जोरात चालवलं की पुढचं बोलणंच ऐकू येईना.

२६ मार्च

आज दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! कापड पलटायचं राहिलं. जन्मात अशी चूक केली नव्हती. धाकटीनं दोन्ही समोर धरल्या. "गिऱ्हाईकाला उजवा हात नाही वाटतं?" हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. माझ्या डोळ्यांतलं जरा उशिरा थांबलं.

५ एप्रिल

सहलवाल्याकडे पुन्हा. तो मे सांगतो, मी उकाडा सांगते. तो ऑक्टोबर सांगतो, मी खवळलेला समुद्र सांगते. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, "काकू, खरं सांगा. तुम्हाला सहल हवीय की हवामान?"

चोराच्या मनात चांदणं! पिशवी उचलून उठले. वाटेत बागेतल्या बाकावर बसले. वाऱ्याला नावं ठेवतेय, पावसाला नावं ठेवतेय, आणि खोट कुठे आहे? माझ्या पोटात! सहल झाली की ती जाणार, म्हणून सहलच होऊ देत नाही मी. शिवण उसवायची वेळ आली की टाका टाका अलगद काढावा. ओढलं तर कापड फाटतं. एवढं आयुष्य कापडात काढलं आणि हे सांगायला पंख्याखालचा सहलवाला लागला.

तशीच मागे फिरले. तो म्हणाला, पाहुणे गेलेले आणि पाऊस यायचा, असा एक आठवडा असतो मेअखेर. खोलीही हवी ती मिळते. पण एकदा पाऊस लागला की बोटींचा भरवसा नाही, वेळेवर निघा. "निघू," म्हटलं. "काढ तिकिटं."

१८ मे

पोहायचे कपडे तयार! बेतले मी, शिवले तिनं. आरशासमोर उभ्या राहिलो. जरा वेळानं दुकानाचं दार उघडं असल्याचं लक्षात आलं!

२४ मे

पोचलो! बेट एवढंसं, आकाश केवढं! खानावळीत आमच्याखेरीज एकच जोडपं, तेही आपसांत भांडलेलं. म्हणजे शांतताच शांतता.

२६ मे

धाकटी पाण्यावर उताणी पडायला शिकली. डोळे मिटून, हात पसरून, जशी काही राणीच! मी गुडघाभर पाण्यात. लाट आली, कपड्यात हवा शिरली आणि माझा फुगा झाला. "ताई, धरून राहा, उडाल!" भांडलेलं जोडपंसुद्धा हसलं. एकमेकांकडे बघून हसलं! चला, सहल कुणाच्या तरी कामी आली.

२९ मे

उद्या सकाळी बोट. दोन बॅगा वेगवेगळ्या भरल्या. माझी मोठी कात्री तिला दिली, नातीचे फ्रॉक कापायला. "मला कुठे बेतता येतं?" म्हणाली. म्हटलं, "येईल. मला तरी कुणी शिकवलं होतं?" घेतली. कपड्यांच्या तळाशी ठेवली. मग बराच वेळ बॅगेची चेन लावत बसली. चेन चांगली होती.

मी ठीक आहे. खरंच ठीक आहे.

३० मे

लख्ख ऊन. पान हलत नाही. समुद्र ताटासारखा! बोटीची वेळ झाली म्हणून हाक मारायला गेले, तर धाकटी खाटेवर बसून मुलाशी फोनवर बोलतेय, आवाज चढवून — "अरे, काय वारा सुटलाय इथे! बोटी बंद! कधी सुरू होतील कुणाला ठाऊक!"

बाहेर वाळूत पोरं चेंडू खेळत होती, खिदळत होती. मी पुढे होऊन खिडकी लावून घेतली.