पाय सांगत नाही तेव्हा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे माझं काम तुम्हाला दाखवायचं राहूनच गेलं. परळच्या एका सेंटरमध्ये मी फिजिओ आहे. मणक्याला मार लागून ज्यांचे पाय गेलेत, त्यांना आम्ही रोबोटिक सूटमध्ये उभं करतो. लुळ्या पायांसाठी तुम्ही बनवायचात त्या कॅलिपरचा नातू समजा. पायांना तशाच पट्ट्या, पण कंबरेला आणि गुडघ्यांना मोटर, पाठीवर बॅटरी. पेशंट कुबड्यांवर भार देऊन जरा पुढे झुकला की सूटला कळतं आणि तो पाऊल टाकतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते. तुम्ही मात्र टाळ्या नंतर, आधी गुडघ्याची बिजागरी उघडून बघितली असती.

कॉटन ग्रीनचा तुमचा गाळा आठवतो. चामड्याचा वास, ठोकाठोक, आणि स्टुलावर माझा होमवर्क. एका शनिवारी ते काका आले होते, बांधकामाच्या परांचीवरून पडून कंबरेखालचं सगळं बधिर झालेले. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न, आणि त्यांना फोटोत उभं राहायचं होतं. तुम्ही त्यांच्या पायातला कॅलिपर काढलात. पोटरीवर लाल डाग. तुम्ही अंगठ्याने दाबून सोडलात. तिथे क्षणभर पांढरं पडायला हवं होतं, ते लालच राहिलं. तुम्ही कॅलिपर ठेवून घेतलात. काका वाट्टेल ते बोलले, भाचीचं लग्न काय परत लावणार आहेस का म्हणाले. तुम्ही ऐकत उभे. ते गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, यू आर सो मीन. तुम्ही पट्टी घासत म्हणालात, "हो पाय तेका काय सांगाचो नाय गो. मगे कोणीतरी बघूक व्हया." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. अशा डागाची जखम हाडापर्यंत जाते, माणूस महिनोन् महिने पालथा पडून राहतो, हे मला कॉलेजमध्ये कळलं.

आता माझ्याकडे वरळीच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी येते, चोवीस वर्षांची, बाइकवरून पडलेली. पहिल्यांदा सूटमध्ये उभी राहिली तेव्हा कळलं, ती माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एवढ्याशा आहात होय?" मंगळवारी ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. बुधवारी गावाहून तिचे वडील येणार होते, त्यांनी अपघातानंतर तिला उभी बघितलेलीच नाही. सूटच्या स्क्रीनवर सगळं हिरवं, मी व्हिडिओ काढतेय. मग सूट काढला, मोजा काढला, तर टाचेवर लाल डाग. दाबून सोडला. लालच.

तिने माझा चेहरा बघितला. म्हणाली, मला काहीच दुखत नाहीये. म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम आहे ना.

"मग रिपोर्टमध्ये लिहू नका ना, ताई. उद्या बाबा येतायत. फक्त पाच मिनिटं."

बाबा, हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. खरंच वाटलं, पाच मिनिटांनी काय होतंय. पण लिहिलं. टाच बरी होईपर्यंत सूट बंद. ती म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही चालत घरी जाणार." त्या काकांचं ऐकताना तुम्ही कसे उभे होतात, ते मला आत्ता कळतंय.

बुधवारी वडील आले, मांडीवर पिशवी घेऊन तिच्या व्हीलचेअरशेजारी बसले. ती खिडकीकडे बघत होती. त्यांनी कोपऱ्यातल्या सूटकडे बोट दाखवून हळूच विचारलं, ह्यात तू चालतेस? तिने व्हीलचेअर त्यांच्याकडे वळवली. मग हातवारे करून समजावायला लागली, कुठे झुकायचं, कधी पाऊल पडतं. माझ्याकडे मात्र तिने एकदाही बघितलं नाही.

जाताना तिने विचारलं, माझीच स्किन खराब आहे का? मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

बाबा, तसं नव्हतं. मोजा उलटा घालायचा असतो, शिवण बाहेर. मंगळवारी व्हिडिओच्या घाईत मी तो सुलटा घातला. रिपोर्टमध्ये शिवणीमुळे असं लिहिलंय, मोजा कोणी घातला ते लिहिलं नाही. तुम्हाला लिहिलेलं हे सगळं माझ्या फोनच्या नोट्समध्येच राहणार, पण तिला तर सांगायलाच हवं. उद्या सकाळी ती टाच दाखवायला येतेय. सांगणार आहे. काल ती आली होती, तेव्हाही सांगणारच होते.