आयती खाच

बाबा, आत्ता दीड वाजलाय आणि तीन वाजता मला मीटिंगमध्ये उभं राहायचंय. ठाण्याच्या ऑफिसात बसून मी विमानाच्या पंखातल्या फासळ्यांची जाडी ठरवते. वजन कमी हवं, पण भार आला की फासळी वाकता कामा नये. ती जाडी शोधायच्या दोन पद्धतींची मी तुलना केली. एक पद्धत एकाच आराखड्यापासून निघून पावलापावलानं हलक्याकडे सरकते. दुसरी शेकडो आराखडे घेते, त्यातले चांगले निवडून एकमेकांत मिसळत जाते. पहिलीचा प्रोग्राम माझा, दोन वर्षं खपून लिहिलेला. अहवालात तीच जिंकलीये. आज तिच्यावर शिक्कामोर्तब झालं की पुढची सगळी कामं तिच्यावर होणार आणि टीम माझ्या हाताखाली येणार.

पण सकाळपासून मला तुमचं डोंबिवलीचं वर्कशॉप आठवतंय. मी सातवीत. कळव्याला आपल्या घराजवळच्या दुकानातून मी स्वतः निवडून तुमच्यासाठी हॅकसॉचं ब्लेड आणलेलं, आणि ते तुमच्या ब्लेडपेक्षा भारी आहे हे मला सगळ्यांना दाखवायचंच होतं. व्हाइसच्या पकडीत लोखंडी अँगल. दोन्ही ब्लेडनं कापते, माझं आधी आरपार जातं, मी नाचते. तुम्ही चष्मा वर करून तुकडा बघता. "अगं, इथे आधीच खाच होती. तुझ्या ब्लेडला आयती वाट मिळाली, माझ्याला कोऱ्या लोखंडावर घातलंस. ही काय परीक्षा झाली?" शेजारच्या मशीनवरचे काका हसले, तेव्हा तुम्हीच मला पाठीशी घातलंत. "पोर आहे, तिला दिसली नसेल."

माझ्या पद्धतीला मी सुरुवातीलाच जुन्या, वापरात असलेल्या फासळीची जाडी दिली होती. दुसरीला काहीच नाही. आज सकाळी दोघींनाही कोऱ्यावर सोडलं. माझी अर्ध्यात अडकली, तिनं दिलेली फासळी दुसरीच्या फासळीपेक्षा जड आली. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, नजरचुकीनं राहिलं असेल. अहवाल गेलाय सगळ्यांना, आता कशाला उकरताय?" फोन ठेवला आणि हा कागद लिहायला घेतला. मला भीती वाटतेय, बाबा. टीम तर जाईलच, वर माझ्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तरी तीन वाजता नवे आकडे दाखवणार आहे. आणि नजरचूक म्हणणार नाही, कारण ती नव्हती. हा कागद घरी तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवेन, ते ब्लेड अजून तिथेच आहे. एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी ती खाच मला दिसली होती.